बॉयलरचा दाखला आणि क्ष-किरणांचा परवाना



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी बोनस, संप किंवा महागाईभत्ता यांपैकी कशावर तरी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे मी याच विषयांवर बोलत आलो आहे. आज मात्र मी विषय घेतला आहे तो दवाखान्यातील क्ष-किरण यंत्रांवर सरकारची देखरेख कशी असते याचा. "तुम्ही डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही, शाळाही नववीत सुटलेली, तुम्ही यात काय सांगणार?" असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. माझे उत्तर एवढेच की, ज्या खोलीत हे यंत्र असते तिथे रोगी पाच मिनिटे असतो, मालक क्वचित डोकावतो, आणि कामगार मात्र दिवसभर असतो. कामगार जिथे दिवसभर असतो तिथला कायदा समजून घेणे हा माझा धंदाच आहे.

माझे वडील गिरणीत बॉयलरवर होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली या शहरात एम्प्रेस मिल उघडली, तेव्हापासून नागपूरचे कामगारजीवन भोंग्यावर आणि भोंगा वाफेवर चालत आला. आमच्या घरी देवाच्या तसबिरीशेजारी चौकटीत एक सरकारी कागद लावलेला असे. तो वडिलांचा बॉयलर चालविण्याचा दाखला. लहानपणी मला वाटे, हे काहीतरी बक्षीस असावे. पुढे कळले की १९२३ च्या बॉयलर कायद्याने दोन कागद सक्तीचे केले होते. पहिला कागद बॉयलरचा : त्याची नोंदणी, त्याचा क्रमांक, आणि ठराविक मुदतीने निरीक्षकाने तपासून दिलेले प्रमाणपत्र. दुसरा कागद माणसाचा : परीक्षा देऊन मिळविलेला दाखला. दोहोंपैकी एक नसेल तर आग पेटवायची नाही. १९२३ चा तो कायदा जाऊन २०२५ साली नवा आला, तरी ही दोन कागदांची रीत कायम राहिली आहे.

आजच्या विषयाची किल्ली या दोन कागदांत आहे. बॉयलर फुटला तर अर्ध्या शहराला ऐकू जातो. क्ष-किरणांचा आवाज होत नाही, वास येत नाही, चटका बसत नाही. आणि त्यांनी केलेली इजा पुष्कळदा वर्षानुवर्षांनी दिसते. जे संकट ओरडत नाही त्याच्यासाठी कायदा अधिक जागा हवा. तो कितपत जागा आहे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम शास्त्राचे दोन शब्द. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्राध्यापक राँटगेन यांना हे किरण सापडले. काय आहेत ते कळेना, म्हणून गणितातल्या अज्ञात संख्येचे नाव त्यांना दिले, तेच आपले 'क्ष'. राँटगेन यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. वर्ष-सहा महिन्यांत हे किरण जगभर दवाखान्यांत पोचले, आणि त्यांच्यामागोमाग पहिले बळीही पडले. अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा एक मदतनीस होता. यंत्र ठीक चालते की नाही हे पाहण्यासाठी तो पुनःपुन्हा आपलाच हात किरणांत धरी. हाताला कर्करोग झाला, हात कापावे लागले, आणि १९०४ साली तो वारला. एडिसनने या किरणांचा नाद सोडला. लक्षात घ्या, नाव एडिसनचे झाले आणि हात डॅलीचे गेले. हॅम्बुर्ग शहरात १९३६ साली अशा हुतात्म्यांचे स्मारक उभारले गेले. त्यावर कोरलेली शंभराहून अधिक नावे डॉक्टरांची, शास्त्रज्ञांची आणि यंत्र हाताळणाऱ्यांची आहेत.

या अनुभवातून जगाने तीन गोष्टी शिकून घेतल्या : वेळ, अंतर आणि आडोसा. किरणांत कमीत कमी वेळ राहा. शक्य तितके दूर उभे राहा. कारण अंतर दुप्पट केले की मारा चौथाई होतो आणि तिप्पट केले की नववा हिस्सा उरतो. आणि मध्ये शिशाचा किंवा जाड भिंतीचा आडोसा ठेवा. पुढे जे जे नियम सांगणार आहे ते सगळे या तीन शब्दांचाच विस्तार आहेत.

एक गैरसमज येथेच दूर करतो. क्ष-किरण यंत्रात किरणोत्सर्गी धातू नसतो. बटण दाबले की किरण, सोडले की किरण संपले. खोलीत मागे काही उरत नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात जो अपघात झाला तो वेगळा. तेथे विद्यापीठाने मोडीत काढलेल्या एका उपकरणातला कोबाल्ट-६० भंगारात गेला आणि एक माणूस प्राणास मुकला. कोबाल्टचे बटण बंद करता येत नाही. तसेच सोनोग्राफी आणि एमआरआय यांतही क्ष-किरण नसतात. सीटी स्कॅनमध्ये मात्र असतात, आणि साध्या फोटोपेक्षा पुष्कळ जास्त असतात. दाताच्या दवाखान्यातले छोटे यंत्र आणि अस्थिशल्यक्रियेच्या वेळी वापरतात ते सी-आर्म, हीही क्ष-किरणांचीच यंत्रे होत.

आता कायदा. आपल्या देशात या यंत्रांची देखरेख आरोग्य खात्याकडे नसून अणुऊर्जेच्या कायद्याखाली येते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. १९६२ साली अणुऊर्जा कायदा झाला. त्याखाली १९७१ साली किरणसंरक्षणाचे नियम झाले. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे कार्यालय मुंबईस अणुशक्तिनगरात आहे. २००४ साली जुने नियम जाऊन नवे आले, आणि वैद्यकीय क्ष-किरण यंत्रांसाठी मंडळाने वेगळी संहिता केली, तिची सुधारलेली आवृत्ती २०१६ ची. म्हणजे धंतोलीतल्या एखाद्या गल्लीत पायाचा फोटो काढणारे यंत्र आणि तारापूरची अणुभट्टी यांच्यावर डोळा ठेवणारे मंडळ एकच आहे.

पद्धत थोडक्यात अशी. यंत्र बनविणाऱ्याला व विकणाऱ्याला परवानगी लागते, आणि यंत्राचा नमुना मंडळाने मान्य केलेला असावा लागतो. विकत घेणाऱ्याने खरेदीपूर्वीच अर्ज करावयाचा. हे अर्ज हल्ली संगणकावरून होतात. खोलीचा नकाशा, भिंतींची जाडी, दाराला शिसे आहे की नाही, यंत्र चालविणारा कोण आणि त्याचे शिक्षण काय, किरणसुरक्षा अधिकारी कोण, हे सर्व सांगावे लागते. नऊ इंची पक्क्या विटेची भिंत हा सर्वसाधारण आडोसा मानला जातो. खोली बाळंतिणींच्या आणि मुलांच्या वॉर्डापासून व वर्दळीपासून शक्य तितकी दूर असावी. यंत्र बसविल्यावर त्याची चाचणी होते, आणि पुढेही ठराविक मुदतीने गुणवत्ता तपासावी लागते. साध्या फोटोच्या यंत्राला 'नोंदणी' लागते. सीटी स्कॅन आणि हृदयाच्या नळ्या तपासण्याची कॅथ-लॅब यांना त्याहून कडक असा 'परवाना' लागतो.

कागदावर हे सारे चोख आहे. आता प्रत्यक्ष पाहू. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१२ साली या मंडळाच्या कामाचा अहवाल संसदेपुढे ठेवला. त्यातले आकडे असे : देशात वैद्यकीय क्ष-किरणांची ठिकाणे ५७,४४३. त्यांपैकी नोंदणी झालेली ५,२७०. उरलेली ५२,१७३, म्हणजे शेकडा ९१, नोंदणीवाचून चाललेली. आमच्या वडिलांच्या भाषेत सांगायचे तर शंभर बॉयलरपैकी एक्याण्णवांना क्रमांकच नव्हता!

असे का झाले? कारणे त्याच अहवालात शोधता येतात. एक म्हणजे मुंबईत बसलेल्या मंडळाला देशभर हिंडायला माणसे कोठून मिळणार? म्हणून प्रत्येक राज्याने आपले किरणसुरक्षा संचालनालय काढावे असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितले होते. अकरा वर्षांनी लेखापरीक्षकांनी पाहिले तेव्हा ते फक्त केरळ आणि मिझोराम या दोन राज्यांत निघाले होते. आपला महाराष्ट्र, जो स्वतःला पुढारलेला म्हणवितो, त्या यादीत नव्हता. दुसरे कारण म्हणजे शिक्षा. १९६२ च्या कायद्याखाली केलेल्या नियमांचा भंग केल्यास सर्वसाधारणपणे दंड जास्तीत जास्त पाचशे रुपये. लाखो रुपयांच्या यंत्राच्या मालकाला पाचशे रुपयांची भीती ती काय? तिसरे, मंडळच सरकारी हुकमाने झालेले. कायद्याने त्याला स्वतंत्र आसन नव्हते. ते देण्यासाठी २०११ साली लोकसभेत विधेयक आले, पण लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आणि त्यात मंडळाला कायद्याचे स्थान दिले. त्या कायद्याच्या इतर भागांवर पुष्कळ वाद झाला, तो आजचा विषय नव्हे. पण पंच नेमताना तो कायद्याने नेमलेला असावा, एवढे तरी पदरात पडले. २०१२ च्या त्या टीकेनंतर नोंदणीचे काम वेगाने वाढविले गेले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

आता मी दुसऱ्या कागदाकडे, माणसाच्या कागदाकडे येतो.

यंत्राची नोंदणी मालकाच्या नावाने होते. ते चालविणाऱ्याने विज्ञान घेऊन बारावी आणि त्यापुढे क्ष-किरण तंत्राचा मान्य अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा, असा दंडक आहे. पण बॉयलरवाल्यासारखा, त्याच्या स्वतःच्या नावाचा आणि तो जाईल तिथे बरोबर नेता येईल असा दाखला त्याला कोण देत होते? अर्जात एका शिकलेल्या माणसाचे नाव लिहिलेले असते. तो माणूस सोडून जातो. यंत्र काही थांबत नाही. मग झाडू मारणारा, फिल्म धुणारा, नाहीतर वॉर्डबॉय बटण दाबायला शिकतो. बटण दाबायला तसे काय लागते? एक बोट!

मी पाहिलेली गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका खाजगी दवाखान्यातली चार-सहा पोरे पगाराच्या तक्रारीसाठी आमच्या कार्यालयात आली. त्यांतल्या एकाला विचारले, "तू काय काम करतोस?" म्हणाला, "भाऊ, मी एक्स-रे काढतो." शिक्षण? दहावी. "छातीला लावायचा बिल्ला कुठे आहे?" तो हसला. "तो साहेबाच्या कपाटात असते, भाऊ. मले म्हटलं, हरवला तर पैसे कापीन." दर तीन महिन्यांनी तो बिल्ला कपाटातून निघे, तपासणीला जाई आणि शून्य घेऊन परत येई. कपाटाला किरण लागले नव्हते, म्हणून अहवाल निर्मळ! आणि बिल्ल्यावर नाव होते ते दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे. पगाराचा प्रश्न आम्ही सोडविला. पण त्या पोराच्या शरीराने दोन वर्षांत किती किरण घेतले, हे आज ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पगाराची थकबाकी वसूल होते. न केलेल्या नोंदीची थकबाकी वसूल होत नाही. हे शल्य मला आहे, आणि हा विषय मी वाचायला घेतला तो तेव्हापासून.

हा बिल्ला काय असतो ते समजून घ्या. वरून प्लास्टिकची डबी, आत तीन छोट्या चकत्या. त्या चकत्यांत कॅल्शियम सल्फेट आणि थोडे डिस्प्रोसियम असते. किरण लागले की त्यांची ऊर्जा या पदार्थात साठून राहते. प्रयोगशाळेत चकती तापविली की तो साठा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो; प्रकाश जितका जास्त, तितके किरण जास्त. तीन महिन्यांचा हिशेब असा निघतो आणि राष्ट्रीय नोंदवहीत त्या माणसाच्या नावावर चढतो. बिल्ला छातीवर लावायचा आणि शिशाचा एप्रन घातला तर त्याच्या आत लावायचा. कारण मोजायचे आहे ते शरीराला काय लागले ते.

मर्यादाही ठरलेली आहे. किरणांचे माप मिलिसीव्हर्ट. या कामातल्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. सामान्य नागरिकाला वर्षाला १. कामगार स्त्री गरोदर असल्याचे कळल्यावर उरलेल्या काळात गर्भाला १ पेक्षा जास्त लागता कामा नये, आणि तिचे काम त्याप्रमाणे बदलून दिले पाहिजे. अठरा वर्षांखालील कोणालाही या कामावर लावता येत नाही. आणि कामगार बांधवांनो, हे नीट ऐका : २००४ च्या नियमांप्रमाणे मालकाने प्रत्येक कामगाराला त्याच्या किरणांची नोंद दरवर्षी, मागेल तेव्हा, आणि नोकरी सुटताना दिली पाहिजे. हा तुमचा प्रॉव्हिडंट फंडाच्या पासबुकासारखा हक्क आहे. किरणांमुळे होणारे रोग हे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत व्यावसायिक रोग म्हणून होते, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही आहेत. पण भरपाई मागायला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे तो बिल्ला. बिल्ला कपाटात तर भरपाईही कपाटात.

माणसाच्या कागदाच्या दिशेने एक पाऊल मात्र पडले आहे. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. क्ष-किरण तंत्रज्ञ त्यात येतात. शिक्षणाचा दर्जा ठरवावयाचा, राज्याराज्यांत परिषदा नेमावयाच्या आणि प्रत्येकाचे नाव नोंदवहीत घ्यावयाचे, अशी त्याची योजना आहे. ही नोंदवही नीट चालली तर बॉयलरवाल्याच्या दाखल्याला जोड मिळेल.

येथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. एक वृद्ध डॉक्टर मला म्हणाले, "तुमचे म्हणणे खरे; पण तालुक्याच्या गावी पदविकाधारक तंत्रज्ञ मिळत नाही. तुम्ही कडक झालात तर यंत्र बंद पडेल आणि हात मोडलेल्या माणसाला मेडिकलपर्यंत यावे लागेल." हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचे उत्तर नियम सैल करणे हे नव्हे. माणसे शिकविणे हे आहे. जो पोरगा पाच वर्षे यंत्रावर आहे त्याला सुट्टी, शुल्क आणि अभ्यासक्रमात जागा द्या. गिरणीत कोळसा टाकणारा मजूर रात्री अभ्यास करून बॉयलरचा दाखला मिळवीत होता. मग दवाखान्यातल्या पोराने का मिळवू नये? आणि सरकारने मनावर घेतले तर देखरेख होते, हेही आपण पाहिले आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रानेच देशात पहिला कायदा १९८८ साली केला, तो नागरिकांच्या चळवळीमुळे. आज सोनोग्राफी यंत्राची नोंदणी काय चीज आहे हे प्रत्येक डॉक्टर जाणतो. लोकांनी रेटा लावला तिथे कायदा जागा झाला.

माझे बोलणे ऐकून कोणी उद्या डॉक्टरांनी सांगितलेला फोटो काढायला नकार देऊ नये, ही हात जोडून विनंती. छातीच्या एका फोटोत साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसीव्हर्ट एवढेच किरण लागतात. जमीन, आकाश आणि अन्न यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाकाठी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट असेही मिळतच असतात. पोटाच्या सीटी स्कॅनला मात्र आठ-दहा मिलिसीव्हर्ट लागू शकतात, म्हणून "याची गरज आहे का? मागचा फोटो चालेल का?" एवढे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, आणि जुने फोटो सांभाळून ठेवावेत. क्षयरोग किंवा मोडलेले हाड वेळेवर न दिसणे हा किरणांपेक्षा मोठा धोका आहे.

मग आपण करावयाचे काय? फोटो काढायला जाल तेव्हा पाच गोष्टी पाहा. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे काय? दाराबाहेर लाल दिवा आणि धोक्याची खूण आहे काय? गरोदर स्त्रियांनी आधी सांगावे, अशी पाटी मराठीत आहे काय? आत एका वेळी एकच रोगी घेतात की बाकावर चौघे बसवून ठेवतात? आणि पाचवी, माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट : यंत्र चालविणाऱ्याच्या छातीवर बिल्ला आहे काय? नसेल तर रागावू नका, ओरडू नका. फक्त विचारा, "भाऊ, तुमचा बिल्ला कुठे आहे?" दिवसातून दहा माणसांनी असे विचारले तर कपाट आपोआप उघडेल. आणि त्या पोराला प्रथमच वाटेल की आपल्या शरीराची काळजी करणारे या शहरात कोणीतरी आहे.

वडील गेले, गिरणी गेली, भोंगाही गेला. त्यांचा दाखला मी अजून ठेवला आहे. कागद पिवळा पडला आहे, पण त्यावरचे नाव वाचता येते. क्ष-किरणांच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी त्याच्या स्वतःच्या नावाचा असा एक कागद भिंतीवर लागावा, एवढीच मागणी मी आज आपल्यापुढे ठेवतो आणि आपली रजा घेतो.